काहिलीखालचा जाळ आणि आमच्या घरातले शहाणे

लग्न होऊन मी पांझरेकाठच्या गावात आले, तेव्हा गूळ वाण्याच्या दुकानातून येतो एवढंच मला माहीत होतं. माझे वडील जळगावात मास्तर. आमच्याकडे गूळ यायचा तो पावशेर, कागदात बांधून, आणि आई तो डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवायची. सासरी चौथ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे एक अख्खी ढेप ठेवली आणि म्हणाल्या, "फोड." मी सुरी शोधू लागले. सासूबाई खूप वेळ हसल्या, मग त्यांनी वरवंटा माझ्या हातात दिला. त्यांना सगळं गाव आक्का म्हणे. त्या दिवसापासून मीही आक्काच म्हणू लागले, कारण जी बाई आपल्याला एवढं पोटभर हसली तिला सासूबाई म्हणायला जीभ वळेना.

दुसरी लढाई सुरू व्हायला तेव्हा तीन-चार वर्षं होती. धुळ्याहून वर, साक्रीच्या अंगाला, पांझरेवर जागोजाग बंधारे आहेत. आमच्या गावचा ऊस त्या पाटाच्या पाण्यावर. सगळ्यांचा ऊस एकाच फडात, शेजारी शेजारी, आणि गुऱ्हाळही सगळ्यांचं मिळून एकच. ज्याची पाळी त्याचा ऊस चरकात. रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, काहिलीजवळ, मात्र पाळी नव्हती. तिथं वर्षानुवर्षं एकच माणूस उभा राही, तो म्हणजे माझे सासरे, आबा. गूळ कधी उतरवायचा ते आबा ठरवत. रसाला बुडबुडा केवढा आला, वास कसा सुटला, पळीवरून तार कशी पडली, यावरून ते सांगत. काहिलीसमोर कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. देवळात बोललेलं चालायचं.

माझ्या पहिल्याच हंगामात, गुऱ्हाळ ऐन भरात असताना, अवकाळी सर आली. उसाचा रस काढल्यावर जी चिपाडं उरतात ती वाळवून काहिलीखाली जाळायची ही रीत, आणि चिपाडांचा तो सगळा ढीग भिजला. ओल्या चिपाडाचा धूर तेवढा होतो, जाळ होत नाही. गावाने कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, तुराट्या आणल्या, नदीकाठच्या बाभळी छाटून झाल्या. तरी पुरेना. आमचं जुनं चुलवाण म्हणजे जमिनीतला एक मोठा खड्डा, त्यावर काहील, आणि पुढून एक तोंड. घातलेल्या जाळातला निम्मा त्याच तोंडातून बाहेर यायचा. समोर उभं राहिलं की आठ हातांवरून अंग भाजे. आबांच्या मते ते चुलवाणाचं तेज होतं.

चिपाडं संपली तशी आमच्या घरातली लाकडं एकेक करून गुऱ्हाळाकडे निघाली. आधी मोडका नांगर गेला. मग गोठ्याचं फाटक. मग आबांची स्वतःची बाज गेली. जमिनीवर झोपलं की पाठ सरळ राहते, असं त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी उठताना भिंतीला धरून उठले. त्याच सकाळी ते चहा पिता पिता माझ्या माहेरच्या पेटीकडे बघत बसले.

"पेटी सागनी शे का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पेटीले हात ते लावा!" आक्का चुलीपुढून ओरडल्या.

"मी नुसतं इचारं," आबा म्हणाले आणि उठून गेले.

हे सगळं माझे यजमान दारात उभे राहून ऐकत होते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून इथंही त्यांना 'हे'च म्हणते. हे दोन वर्षं शेतकीचं शिक्षण घेऊन आले होते. शिक्षणाचा उपयोग तोपर्यंत एवढाच झाला होता की गावात कोणाचं ढोर आजारी पडलं की लोक यांना बोलावत, आणि हे म्हणत, "ते वेगळं शिक्षण." पेटीचा प्रसंग यांच्या मनाला लागला. नव्या नवरीची पेटी सासऱ्याने जाळायला काढली, ही गोष्ट जळगावला कळली तर काय, या धास्तीने यांनी त्याच दुपारी आपली पुस्तकं खाली काढली.

पुस्तकांत एक पातळसं माहितीपत्रक होतं. त्यात सुधारलेल्या चुलवाणाचं चित्र होतं. जाळ लोखंडी जाळीवर पेटवायचा, म्हणजे राख खाली पडते आणि खालून वारा मिळतो. पुढे मोठी काहील, तिच्यामागे दुसरी. पहिल्या काहिलीखालून निसटणारी आग वाया न जाता दुसरीखालून जाते आणि तिथला रस आधीच तापवून ठेवते. शेवटी धुराडं. यांनी ते चित्र मला दाखवलं. मला समजलं, असं मी म्हटलं. समजलं नव्हतं, पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मग यांनी अंगणात चुन्याने ते सगळं खऱ्या मापाचं आखलं. पाच-सहा दिवस आम्ही त्या रेघा ओलांडून ये-जा करत होतो. आबा रोज सकाळी बाहेर पडताना त्या रेघांपाशी थांबत.

"भाऊ, आठे रस कधी उकयी?" ते यांना विचारत. इथं रस कधी उकळणार?

"आबा, हे नुसतं चित्र आहे."

"मी म्हणतच होतो, आग दिसत नही."

पण बाज गेलेली होती आणि पाठ दुखत होती. त्यामुळे पुढचा हंगाम तोंडावर आला तसा, दिवाळीच्या सुमारास, आबांनी होकार दिला. अट एकच. पहिली काहील आपल्या स्वतःच्या उसाची लावायची, आणि ती बिघडली तर त्याच दिवशी नवं चुलवाण मोडून जुनं उघडायचं. गावाने आबांच्या शब्दावर मान डोलावली. गावाला तेवढीच करमणूक होती.

धुळ्याहून एक मिस्त्री आणले. म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळं आयुष्य कापसाच्या जीनमध्ये बॉयलरवर काढलेलं. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा सरळ करून त्यांनी जाळी इतकी सुबक बनवली की आक्कांनी ती पापड वाळवायला मागितली. धुराड्याच्या बाबतीत मात्र चाचांचा हात सैल सुटला. चित्रात धुराडं होतं दोन पुरुष उंच. चाचांना ते बघून वाईट वाटलं.

"भाऊ, इतकुसं धुराडं? लोक हसतील. मी जीनमध्ये चाळीस वर्षं काम केलं. धुराडं असं पाहिजे, की आग म्हणाली पाहिजे, चला निघतो."

हे शिकलेले होते, पण चाळीस वर्षांपुढे यांचं काही चाललं नाही. धुराडं झालं ते शेजारच्या गावातून दिसत होतं. लोक बघायला येऊ लागले. हे त्यांना समजावून सांगत, आणि लोक मान वर करून धुराड्याकडेच बघत राहत.

पहिल्या दिवशी नारळ फोडला. जाळ घालायला नेहमीप्रमाणे नाना उभे राहिले. नाना म्हणजे गावचे जुने जाळवे. वीस वर्षं चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून त्यांच्या पायांच्या नडग्यांवरचे केस कायमचे गेले होते, आणि ते धोतर थोडं वर खोचून त्या नडग्या पाहुण्यांना दाखवत. त्यांनी चिपाडांचा भारा आत लोटला, काडी लावली, आणि चुलवाणातून असा आवाज आला की बैलांनी कान टवकारले.

चाचांचं म्हणणं खरं होतं. आग म्हणाली चला निघतो, आणि निघाली. जाळीवरून, पहिल्या काहिलीखालून, दुसऱ्या काहिलीखालून एका दमात सुसाट धुराड्यात शिरली. धुराड्याच्या टोकावर हातभर ज्वाला दिसू लागली. टाळ्या पडल्या. नाना भाऱ्यामागून भारा घालत होते आणि चुलवाण तो गिळत होतं. पुढच्या काहिलीत रस कोमट झाला. मागच्या काहिलीत हे सारखं बोट बुडवून बघत होते, आणि मागच्या काहिलीत बोट बुडवता येतंय यातच सगळं आलं.

आबा हाताची घडी घालून उभे होते. शेवटी त्यांनी वर धुराड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मन्ही बठ्ठी आग तू आभायले दिनी, भाऊ."

सगळी आग आभाळाला दिली. एवढ्यात आभाळाने त्यातली थोडी परत केली. धुराड्यातून ठिणग्या उडाल्या, एक वाळक्या चिपाडांच्या ढिगावर पडली आणि दुसरी नानांच्या पागोट्यावर. पोती भिजवून ढीग विझवला, पुरुषांनी पेटतं तेवढं ओढून बाजूला काढलं. पागोट्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. नाना स्वतःच ते काढून पायाखाली तुडवत होते आणि यांच्याकडे बघत होते.

रस दुपार टळेपर्यंत तसाच तापत पडला, आंबला, आणि झाला तो गूळ बसेचना. काळपट, चिकट, हाताला सुटत नव्हता. त्याला 'कागदी गूळ' हे नाव कोणी दिलं ते कळलं नाही, पण ते संध्याकाळच्या आत गावभर झालं. पुढचा महिना आम्ही तो गूळ खाल्ला. बाजरीच्या भाकरीशी खाल्ला, शिऱ्यात घातला, बैलांना दिला. बैलांनी आवडीने खाल्ला, तेव्हा हे म्हणाले, "बघा, चव वाईट नाही." मी तोंडाला पदर लावून आत गेले.

अटीप्रमाणे त्याच दिवशी चुलवाण मोडायचं होतं. हे कुदळ घेऊन उभे राहिले.  चेष्टा करायची ती आम्ही घरच्यांनी, सगळ्या गावाने करावी हे मला आवडलं नव्हतं. आबांनी कुदळीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की आज चुलवाण गरम आहे, गरम वीट फुटते, उद्या बघू. गरम वीट फुटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. चाचांनीही मान खाली घालून "हो, फुटते" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेलो. एरवी आक्का काहिलीजवळ जात नसत. तो आबांचा मुलूख. पण त्या दिवशी रस नव्हता, आग नव्हती. हे विटेवर बसून ते माहितीपत्रक वाचत होते. आक्कांनी चुलवाणाला एक चक्कर मारली, मागच्या काहिलीपाशी थांबल्या, वाकून आत पाहिलं.

"हाऊ ते वैल शे!" त्या म्हणाल्या.

वैल म्हणजे चुलीला जोडून असलेलं मागचं लहान तोंड. पुढे भाकरी भाजत असते, आणि चुलीतली उरलेली ऊब वैलावरच्या दुधाला लागते. बायका ते रोज वापरतात. मला ते ऐकल्याबरोबर यांचं चित्र समजलं, वर्षभराने.

"वैल नाही, आक्का," हे म्हणाले, "ही दुसरी काहील. पहिलीची वाया जाणारी उष्णता..."

"म्हणजे वैलच ना?"

यांनी माहितीपत्रकातलं चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हो."

आक्कांनी लुगड्याचा पदर खोचला आणि चुलवाणाच्या बाजूच्या राखेच्या दारातून अर्ध्या आत शिरल्या. आतून त्यांचा आवाज आला. "आठे आगले बसाले जागा कोठे शे?"

आगीला बसायला जागाच नव्हती. मिस्त्रींनी आतली वाट मोरीसारखी सरळ आणि गुळगुळीत केली होती. आमच्या घरच्या वैलात मातीचा एक उंचवटा असतो. आग त्याला अडते, वर उसळते, भांड्याच्या बुडाला लागते, मग पुढे जाते. तो उंचवटा प्रत्येक बाई आपल्या हाताने घालते, आणि बोटभर कमी-जास्त झाला तर दूध तापत नाही किंवा धूर डोळ्यांत येतो. ते सगळं आक्का बाहेर येऊन, तोंडाला राख लागलेल्या, सांगत होत्या आणि हे वहीत लिहून घेत होते.

"उंची किती?" यांनी विचारलं.

"एक वीत, वर चार बोटं."

"कोणाची वीत?"

आक्कांनी आपला हात पुढे केला. यांनी तो मोजला.

काळी माती, चिपाडाचा भुसा आणि शेण कालवून आक्कांनी आणि मी ते उंचवटे घातले, एक पहिल्या काहिलीच्या पलीकडे आणि एक दुसरीच्या खाली. चाचा उन्हात उकिडवे बसून बघत होते. पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मग त्यांनाही राहवेना. धुराड्याच्या पायथ्याशी एक खाच ठेवून त्यात पत्रा सरकवता आला तर ओढ कमी-जास्त करता येईल, जीनमध्ये तसंच असतं, ते म्हणाले. "पहिल्यांदाच का नाही केलं?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "बेटी, इतकी छान ओढ लागली होती, तिला अडवायचं जिवावर आलं."

पत्रा हाताशी नव्हता. आक्कांनी मला घरी पाठवून भाकरीचा लोखंडी तवा आणवला. तो खाचेत बरोबर बसला. पुढे आठवडाभर आम्ही शेजारणीच्या तव्यावर भाकरी केल्या आणि तिने रोज विचारलं की तुमचा तवा कुठे गेला. धुराड्यात, असं मी सांगायची, आणि तिला वाटायचं मी सांगायचं टाळते आहे.

दुसऱ्यांदा आग लावायचं ठरलं तेव्हा खरी अडचण वेगळीच निघाली. नाना. त्यांना यांनी समजावलं की आता भारेच्या भारे लोटायचे नाहीत, मूठ-मूठ घालायचं, एक जळालं की दुसरं. नाना ऐकून घेत होते. डोक्याला त्यांनी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली होती, कारण पागोटं जळालेलं.

"चूल काय तान्हं पोर शे, घास घास चाराले?" ते म्हणाले.

आणि त्यांनी आपल्या पद्धतीने दोन भारे एकदम लोटले. तव्याने ओढ कमी झाली होती, चुलवाणाचा घसा भरला, आणि काळाकुट्ट धूर सगळ्या फटींतून बाहेर आला. हे पुढे धावले, काठीने चिपाडं ओढू लागले, आणि अडलेली आग एकदम भडकून तोंडाबाहेर आली. यांना इजा झाली नाही, पण डावी भुवई गेली. महिनाभर हे कशाचंतरी नवल वाटल्यासारखे दिसत होते, एका बाजूने.

"जमत नसेल तर राहू द्या, नाना," हे जरा चिडूनच म्हणाले. "मी घालतो."

असं बोलायला नको होतं. वीस वर्षं जाळ घातलेल्या माणसाला जमत नसेल तर राहू द्या. नानांनी यांच्याकडे पाठ केली. ते चिपाडांच्या ढिगाशी गेले, तिथं चक्क खाली बसले. नानांना गुऱ्हाळावर बसलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी दोन बोटांत मावेल एवढं चिपाड उचललं, आत टाकलं, आणि चुलवाणाशी बोलू लागले.

"ले, खाय." थोडं थांबून आणखी एवढंसं. "आखो ले. दात उनात का तुले? मास्तरना जावईनी चूल ना तू. घास घास खाय."

चुलीला दात आले का विचारतात, हे ऐकून सगळे हसू लागले. नाना आणखी रंगात आले. आणखी बारीक मूठ, आणखी थांबणं. ते यांचा सूड घेत होते. आणि इकडे धूर पांढरा झाला, मग पातळ झाला, मग दिसेनासाच झाला. जाळीवर आग स्वच्छ पिवळी लागली. पुढच्या काहिलीत कडेने बुडबुडे धरले. मागच्या काहिलीवर वाफ आली, रसातल्या मळाची साय, मळी, वर येऊन फाटली. हे मागे धावले, बोट बुडवलं आणि ओरडून बाहेर काढलं. इतका आनंदाने ओरडणारा भाजलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नानांना कोणी काही सांगितलं नाही. हे सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. आबांनी दुरूनच यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. नानांना वाटत होतं आपण अजून रुसलेलो आहोत, आणि जोवर त्यांना तसं वाटत होतं तोवर आग झकास चालली होती. आबा पुढे झाले, पळीने मळी काढू लागले.  पुढची काहील उतरली, तसा मागच्या काहिलीतला कढत रस घागरींनी पुढे ओतला, आणि तो पुढे पडतो न पडतो तोच उकळू लागला. आबांची पळी हातातच राहिली. एरवी नवी काहील लावली की आबा तंबाखू मळून, गावच्या दोन गोष्टी बोलून, पाटावर पाय धुऊन येत, तरी रस कोमटच असे. त्या दिवशी त्यांची तंबाखूही राहिली.

गूळ बसला. आबांनी ढेपेवर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेऊन ऐकलं, आणि मला हाक मारली. "पोरी, आण वरवंटा." फोडून त्यांनी पहिला खडा आक्कांच्या हातावर ठेवला.  आक्का म्हणाल्या, "तवा कधी मिळी?"

नानांना खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळली. तोवर त्यांना बसायची सवय लागली होती. हातभर अंतरावर बसून, मधेमधे चिलीम ओढून जाळ घालता येतो, हे त्यांच्या गुडघ्यांना पटलं होतं. मग त्यांनी आपली बाजू बदलली ती अशी की आधीपासून आपलं हेच म्हणणं होतं, पण ऐकतो कोण. शेजारच्या गावची माणसं बघायला येत तेव्हा नाना त्यांना बजावत, "भारे घालू नका. आमच्या चुलीला सवय नाही." हे जवळ उभे राहून एका भुवईने ऐकत.

हंगाम संपला तेव्हा चिपाडांचा एक ढीग उरला. असं पूर्वी झालं नव्हतं. आबा त्या ढिगाभोवती दोनदा फिरून आले, जणू कोणाचा आहे ते विचारायचं होतं. शेवटी त्यातून गोठ्यावर नवं छप्पर झालं, उरलेली चिपाडं विकून गोठ्याला फाटक आलं, आणि आबांना बाज. बाजेवर झोपल्यावर पाठ किती बरी राहते हे त्यांनी आम्हाला सांगितलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत नदीच्या दोन्ही अंगांना तशी चुलवाणं झाली. लोक माप विचारायला यांच्याकडे येत. हे वहीतून इंचांत सांगत, आणि मी आतून ऐकत असे. वीत आक्कांची होती हे यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी एकदा ते बोलून दाखवलं. हे खरोखर ओशाळले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे चार लोक आले, तेव्हा यांनी त्यांना सरळ स्वयंपाकघराच्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाले, "माप यांना विचारा." आक्का भाकऱ्या थापत होत्या. चार परके पुरुष दारात बघून त्यांनी पदर ओढला आणि मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "याले सांग, इंचच बरं होतं."

माझं पहिलं बाळंतपण जळगावला माहेरी झालं. गुऱ्हाळ आटोपल्यावर, होळी होऊन गेल्यावर, आबा नातू बघायला आले. मेहरूणच्या तलावावर माझ्या वडिलांबरोबर फिरायला गेले, आणि जाता-येता त्यांनी वडिलांना काहीच बोलू न देता चुलवाण समजावलं. वडील भूगोल शिकवत. त्यांनी मला नंतर सांगितलं की पांझरा नदी कुठून निघते हे त्यांना आता आठवेनासं झालं आहे, पण आग कुठून कुठे जाते हे पाठ झालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या स्वयंपाकघराशी आले. आई दूध तापवत होती. व्याही एकदम दारात बघून ती उठून बाजूला झाली. आबा खाली बसले, वाकले, वैलात डोकावले. मग आईकडे न बघता, भिंतीकडे बघून, अदबीने म्हणाले, "वैल दोन बोटं ठेंगना शे."

आई तीस वर्षं त्या चुलीवर स्वयंपाक करत होती. तिने दुधाचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं. आबा गेले त्या दुपारी मात्र तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुझ्या सासऱ्यांना आणखी काय काय येतं?" मी म्हटलं, गूळ छान करतात. पण चार दिवसांनी बाळाला घेऊन मी आत गेले, तर आई ओल्या मातीचे हात धुत होती. वैल दोन बोटं उंच झाला होता. त्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं, कारण ते पूर्वीपेक्षा लवकर तापायचं आणि आईला त्याचा अंदाज नव्हता.

"हे तिकडे कळवू नकोस," तिने मला बजावलं.

मी यांना पत्रात कळवलं, आणि वर लिहिलं की कोणाला सांगू नका. यांनी ते पत्र बंधाऱ्यावर चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी ते दोनदा वाचायला लावलं, आणि मग नानांना बोलावून तिसऱ्यांदा. ही गोष्ट माझ्या वडिलांच्या कानावर कशी आली ते देव जाणे, पण वडिलांकडून आईला कळलं, आणि आई माझ्याशी पुढचे पंधरा दिवस फक्त बाळापुरतं बोलली.